केरबाचा पहारा

मनमाडला गाडी बदलली आणि निजामसाहेबांच्या छोट्या रुळांवरच्या डब्यात बसलो, तेव्हा ऊन नुकतेच चढू लागले होते. स्टेशनांच्या पाट्यांवर आता उर्दू अक्षरे दिसू लागली. मला ती वाचता येत नव्हती, म्हणून प्रत्येक स्टेशनावर शेजाऱ्याला विचारायचे हा माझा उद्योग सुरू झाला. शेजारी जालन्याचे एक कापडव्यापारी होते. त्यांनी चार स्टेशनांपर्यंत सोसले, पाचव्याला झोपेचे सोंग घेतले.

मी पुण्यात शाळामास्तर, आणि तीन सार्वजनिक मंडळांचा सभासद. त्यांतल्या एका मंडळाच्या बैठकीत वाद निघाला होता. एक गृहस्थ ठासून म्हणाले, की निजामाच्या मुलखात सार्वजनिक जीवन म्हणून काही उरलेलेच नाही. सभा भरवायची तर परवानगी, वाचनालय काढायचे तर परवानगी, आखाडा घालायचा तरी परवानगी, मग लोक एकत्र येणार कसे? मला कुणी काही ठासून सांगितले की जाऊन बघावेसे वाटते. उन्हाळ्याची सुटी लागलीच होती. "मी बघून येतो," म्हटले, आणि शब्दाला जागून निघालो.

पहिला अपघात करोडगिरीच्या (जकातीच्या) तपासणीत झाला. कुटुंबाने दिलेले लाडू पुण्याच्या वर्तमानपत्रात बांधलेले होते. तपासणाऱ्या कारकुनाने पुरचुंडी सोडली, कागद काळजीपूर्वक गुळगुळीत केला, त्याची घडी घातली आणि ती स्वतःच्या टेबलाच्या खणात ठेवली.

"ते वर्तमानपत्र जुने आहे हो," मी म्हणालो.

"लाडू आपके, कागज सरकार का," तो अतिशय अदबीने म्हणाला. मी लाडू उपरण्यात बांधले आणि परभणीपर्यंत उपरण्याला तुपाचा वास येत राहिला.

परभणीला माझा वसतिगृहातला जुना मित्र दत्तोपंत वकिली करतो. स्टेशनावर तो टांगा घेऊन आला होता. माझा हेतू ऐकून त्याने आधी टांगेवाल्याच्या पाठीकडे पाहिले, मग हळू आवाजात म्हणाला, "हे बघ, इथे 'संस्था' हा शब्द मोठ्याने काढू नकोस. संस्था म्हटलं की जवानांचे (शिपायांचे) कान टवकारतात. तू नुसता फिर. पोखर्णीला देवदर्शन कर, ताडकळसच्या बाजाराला जा. वाटेत माझ्या पक्षकाराचं गाव आहे, तिथे सप्ता बसलाय. तिथे चार दिवस राहा."

"सप्ता म्हणजे भजनच ना? मला सार्वजनिक काम बघायचंय."

"तेच म्हणतोय मी," दत्तोपंत म्हणाला आणि टांगेवाल्याला निघायला सांगितले.

पोखर्णीला बैलगाडीने गेलो. काळ्या रानात नांगरटीची ढेकळे उन्हाने पांढुरकी पडलेली, आणि मधूनच एखादे कडुनिंब. नरसिंहाचे देऊळ जुने, दगडी. गाभाऱ्यात शिरायचे दार इतके ठेंगणे, की नम्रता मनात असो वा नसो, पाठीला ती येतेच. मी आत जाताना वाकलो. बाहेर येताना खांबावरचे कोरीव काम बघत होतो म्हणून वाकायचे विसरलो. कपाळावर टेंगूळ घेऊन बाहेर आलो, तेव्हा झाडाखाली एका म्हातारीची पाणपोई दिसली. ओल्या फडक्यात गुंडाळलेले तीन रांजण, आणि लांब दांडीचे एक ओगराळे.

"वंजळ धरा पाव्हणं. वरून सोडते," ती म्हणाली. पाणी गार आणि वाळ्याच्या वासाचे होते. तीन ओंजळी प्यायल्यावर माझी चौकशी जागी झाली.

"आजी, ही पाणपोई कोण चालवतं?"

"मीच की. आज मी चालवायले. उद्या नाम्याची माय चालवंल."

"आणि कुणाची पाळी कधी, हे कोण ठरवतं?"

"आता त्याला काय ठरवायचं? एकीचं झालं की दुसरी येती."

"समजा, दुसरी आलीच नाही तर?"

म्हातारीने माझ्या टेंगळाकडे पाहिले. मार डोक्यात खोलवर गेला की काय, असे तिला वाटले असावे. "असं कसं यायचं न्हाई?" ती म्हणाली, "लोक तान्हेले ऱ्हातील की!" वहीत लिहायला काही राहिले नाही म्हणून मी आणखी एक ओंजळ प्यालो.

परभणीला एक मुक्काम करून ताडकळसच्या वाटेला लागलो. दत्तोपंताच्या पक्षकाराचे गाव त्या वाटेपासून आत कोसभर आहे. गावाचे नाव मी लिहीत नाही. सप्त्याच्या इजाजतीच्या (परवानगीच्या) कागदात काही कमीजास्त निघाले तर माझ्या या लेखाने त्या माणसांना त्रास नको. लहानसे गाव आहे. कुणब्यांची घरे, एका अंगाला मेंढरे राखणाऱ्या धनगरांची वस्ती, दुसऱ्या अंगाला दर्गा, आणि मध्ये मारुतीचे देऊळ. वेशीबाहेरूनच टाळांचा आवाज ऐकू आला.

दत्तोपंताचा पक्षकार म्हणजे ग्यानबा काका. साठीचा, उंच, हाडापेराने दांडगा शेतकरी. सप्त्याची सगळी जबाबदारी त्यांच्यावर. मी आणलेले दत्तोपंताचे पत्र त्यांनी शाळेच्या मास्तरांकडून वाचून घेतले, माझ्या बुटांकडे एकदा पाहिले, आणि "या, आदी जेवा," म्हणाले. सप्त्याची पंगत पारावर बसली होती. ज्वारीची भाकरी, कांदा आणि येसर (भाजलेल्या धान्याचे नि मसाल्याचे पीठ) घातलेली आमटी. पहिल्या भुरक्याला माझ्या डोळ्यांतून पाणी आले. वाढणाऱ्या सुंदराबाई नावाच्या आजीबाईंना ते भक्तीचे वाटले. त्यांनी कौतुकाने आणखी एक पळी वाढली.

जेवल्यावर काकांनी मला देवळात नेले आणि सप्ता म्हणजे काय ते समजावले. सात दिवस देवाचे नाव थांबता कामा नये. एक माणूस गळ्यात वीणा घालून उभा राहतो. त्याने बसायचे नाही, दुसरे अक्षर बोलायचे नाही, 'रामकृष्णहरी' म्हणत तार छेडत राहायचे. त्याचा पहारा संपला की पुढचा माणूस वीणा आपल्या गळ्यात घेतो. हाताने हाताला द्यायची. देवळात घड्याळ नव्हते. ओट्यावर खडूने रेघा मारलेल्या होत्या. खांबाची सावली एका रेघेवरून दुसरीवर गेली की पहारा बदलला. रात्रीचा हिशोब चांदण्यांवर.

"आणि वीणा खाली ठेवली तर?"

"भुईला टेकली की सप्ता मोडला," काका म्हणाले. "मंग समदं फिरून पयल्यापून."

"मग पुन्हा पहिल्यापासून करायचा," मी म्हणालो.

काकांनी मारुतीच्या पाठीमागच्या कोनाड्यातून शेंदराने तेलकट झालेला एक कागद काढला. उर्दूत लिहिलेला, खाली शिक्का. "सात दिसाची इजाजत हाय. आठव्या दिशी टाळ वाजला तर अमीन (फौजदार) टाळकऱ्यासकट टाळ घिऊन जाईल. एका साली पटकी (कॉलरा) आली, सप्ता झाला न्हाई. एका साली कागद आला न्हाई. गेल्या साली बसला, आन् पाचव्या दिशी मोडला. आता गाव म्हंतंय, औंदा मोडला तर सोडून द्या हे. देवालाच नको आसंल." त्यांनी कागदाची घडी घातली. "पाच दिस ग्येले तर माजं काळीज जाग्यावर यील."

तो सप्त्याचा तिसरा दिवस होता.

पुढचा दिवस मी गावात फिरून विचारपूस करण्यात घालवला. देवळातल्या लांबलचक सतरंज्या दर्ग्याच्या निघाल्या. दर्ग्याचे मुजावर (पुजारी) चाँदभाई स्वतः त्या घालायला आले होते आणि एका टोकाला उसवलेली शिवण शिवत बसले होते.

"उरुसाला यांचे बांबू येतात जी, सप्त्याला आमच्या सतरंज्या. आमच्या बापाच्या बापापासून आसंच हाय."

"याची कुठे नोंद?"

"नोंद कायकू? सतरंजी फाटली की कळतंयच ना."

सगळेच असे गुण्यागोविंदाचे होते असे मात्र नाही. महारवाड्यातली माणसे पाराच्या पलीकडे, उन्हात बसून नाम ऐकत. त्यांना आत का बोलावत नाही, असे मी काकांना विचारले; त्या एका प्रश्नाला काकांनी उत्तर दिले नाही, आणि खरे सांगायचे तर पुण्यात मी तो कुणाला विचारलेला नव्हता.

चाँदभाईंकडूनच मला केरबाची हकिकत कळली. धनगरवस्तीतला हा माणूस, चाळिशीचा. थोडी जमीन, थोडी मेंढरे. गेल्या वर्षी पाचव्या दिवशी वीणा त्याच्या गळ्यात होती आणि त्याची बायको ओरडत आली, की कळपात लांडगा शिरला. केरबाने वीणा कट्ट्यावर ठेवली आणि धावला. लांडगा पळाला. सप्ता मोडला.

"मग गावाने त्याला वाळीत टाकलं?"

"न्हाई, न्हाई. बोलतेत, चालतेत. तमाकू बी देतेत." चाँदभाईंनी दातांनी दोरा तोडला. "निस्ती हाक मारायची बंद केली. आडातला गाळ काढायला समदे ग्येले, त्याला हाक न्हाई. कुनाचं घर शाकारायचं हाय, त्याला हाक न्हाई. येतो बिचारा, कडंला हुबा ऱ्हातो, मंग जातो. ग्यानबानं औंदा आपल्या जीवावर त्याला पहारा दिला. पाचव्या दिशीचाच. लोक लय बोलले."

मला हे फार लागले. शिक्षा म्हणून कामातून सूट द्यायची, ही गोष्ट मी पूर्वी कुठे पाहिली नव्हती. आमच्या मंडळांत काम न सांगितल्याबद्दल कुणाला दुःख झालेले मला आठवत नाही.

पाचव्या दिवशी दुपारी मी मुद्दाम देवळात जाऊन बसलो. केरबा अंघोळ करून, स्वच्छ धुतलेले मुंडासे बांधून आला. काळासावळा, शेलाटा, मान किंचित खाली घालून चालणारा. त्याने वीणा घ्यायला हात पुढे केले. देणाऱ्याने ती जरा जास्तच वेळ धरून ठेवली, आणि मगच सोडली. ग्यानबा काका थोडा वेळ दाराशी उभे राहिले, मग जेवणावळीकडे गेले. उन्हाचा कहर होता. गाव झोपले होते. देवळात केरबा, दोन पेंगणारे टाळकरी आणि खांबाला टेकून वही उघडून बसलेला मी, एवढेच होतो. केरबाचा आवाज भरड होता, पण त्यात एक गोडी होती. डोळे मिटून तो नाम घेत होता आणि एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत होता.

सावली दोन रेघांच्या मधोमध आली असेल, तेव्हा वाऱ्याची एक मोठी वावटळ गावातून गेली. पारावरची पाने देवळात आली. आणि पाठोपाठ ओरडा उठला. "आग! आग लागली! धनगरवस्ती! केरबाचा वाडा!"

सप्त्याच्या चुलीवरची ठिणगी वावटळीने उचलली होती आणि केरबाच्या मेंढवाड्याला लागून असलेल्या कडब्याच्या गंजीवर नेऊन टाकली होती, हे मला नंतर कळले. वाडा काट्यांचा, उन्हाने कोरडाठक झालेला. मेंढरे दुपारची विश्रांतीला आत बसवलेली. टाळकरी टाळ टाकून धावले. देवळाच्या दारातून मी पाहिले, सगळे गाव घागरी, कळशा, बादल्या घेऊन पळत होते. महारवाड्यातली माणसे सगळ्यांच्या पुढे होती.

मी मागे वळलो. केरबाचे डोळे उघडे होते. तोंडाने नाम चालू होते, बोटे तारेवर होती, आणि डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या. धुराचा वास देवळात आला. मेंढरांचे ओरडणे ऐकू येऊ लागले. केरबाने दाराकडे एक पाऊल टाकले, आणि थांबला. पुन्हा मागे सरकला. "रामकृष्णहरी," तो म्हणत होता, आणि असे नाम मी जन्मात ऐकले नव्हते.

मी उठलो. माझ्या मनात त्या वेळी भक्ती नव्हती, तत्त्वज्ञान नव्हते. या माणसाने तिथे उभे राहू नये, एवढेच वाटत होते. मी दोन्ही हात पुढे केले.

त्याला बोलता येत नव्हते. त्याने माझ्या पायांकडे पाहिले. मी बूट आधीच काढले होते. कमरेच्या चामड्याच्या पट्ट्याकडे पाहिले. मी पट्टा सोडून फेकून दिला आणि धोतर एका हाताने सावरले. त्याने माझ्या चेहऱ्याकडे पाहिले. मग नाम न थांबवता वीणेचा पट्टा स्वतःच्या गळ्यातून काढून माझ्या गळ्यात घातला, माझे बोट धरून तारेवर ठेवले, आणि माझ्या तोंडून 'रामकृष्णहरी' निघेपर्यंत स्वतःचे थांबवले नाही. मग तो असा धावला, की दारात त्याचे मुंडासे सुटून पडले ते त्याला कळलेही नाही.

आता माझी फजिती ऐका. माझ्या गळ्याची ख्याती अशी आहे, की घरच्या आरतीलासुद्धा मी नुसते ओठ हलवतो. वीणा दिसते त्यापेक्षा जड. धोतर सैल झालेले. कपाळावरच्या टेंगळावर एक माशी येऊन बसली आणि दोन्ही हात गुंतलेले. आणि ज्या माणसाला वाटेवरची पाटीसुद्धा विचारल्याशिवाय राहवत नाही, तो सगळे गाव जिथे जमले होते तिकडे पाठ करून मारुतीकडे तोंड करून उभा! मला नुसते ऐकू येत होते. बायकांचा आक्रोश, पाण्याचे सपकारे, "हिकडं! हिकडं आना!" आणि मेंढरांचा तो एकसारखा ओरडा. ती बाहेर पडत नव्हती, हे आवाजावरूनच कळत होते. आगीत मेंढरू बाहेर पळत नाही, घाबरून एकमेकांत शिरते. काठीने हाकलले तरी पुन्हा आत जाते.

मग एक हाक आली. ती अक्षरांत लिहिता येणार नाही. घशातून खोल निघालेली, लांब, चढत जाणारी. केरबाची. एकदा, दोनदा, तीनदा. तिसऱ्या हाकेनंतर मेंढरांचा ओरडा बदलला, पांगला, गावाबाहेरच्या दिशेने सरकला. ती निघाली होती. माझ्या तोंडात नाम होते म्हणून. नाही तर मी मोठ्याने ओरडलो असतो.

त्यानंतर मात्र बराच वेळ कुणी आले नाही. सावली रेघेवर आली, ओलांडून पुढे गेली. पुढचा पहारेकरी आगीकडेच असणार. माझे पाय सुजले, आवाज बसला, तारेवरच्या बोटाला फोड आला. तेवढ्यात सुंदराबाई रांजणातले पाणी न्यायला आल्या. दारातच थबकल्या.

"आगं बया! तुमी? केरबा कुटं ग्येला?"

"रामकृष्णहरी," मी म्हणालो.

"आवो, वीणा तुमच्याकडं कशी?"

"रामकृष्णहरी," मी डोळ्यांनी जमेल तेवढे सांगत म्हणालो.

त्यांना क्षणात सगळे समजले. त्यांनी घागर खाली ठेवली, माझ्या कपाळावरची माशी पदराने उडवली, माझ्या शेजारी बसल्या आणि टाळ्यांवर नाम धरले. माझा आवाज जिथे फाटत होता तिथे त्यांचा येत होता. मी त्या बाईचा जन्मभर ऋणी राहीन.

थोड्या वेळाने पुष्कळ पावले वाजली. पण धावती नव्हती, हळू, मुकाट. मी मान वळवून पाहिले. पुढे ग्यानबा काका, पटका काढून हातात घेतलेला. मागे सारे गाव, काजळीने काळे झालेले. आणि सर्वांत मागे केरबा, हात पोळलेले, त्याच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा. आगीजवळ केरबाला रिकाम्या गळ्याने धावत येताना साऱ्यांनी पाहिले होते. पुन्हा मोडला, असे धरून गाव वीणा बघायला आले होते.

उंबऱ्याशी काका थांबले. त्यांनी भुईवर पाहिले. कट्ट्यावर पाहिले. मग माझ्याकडे. मी वाकड्या टोपीने, सुटलेल्या धोतराने आणि मुळीच नसलेल्या सुरात, होतो तसा नाम घेत उभा होतो.

मग मागून एकजण म्हणाला, "पन ह्यो पाव्हना आपल्या पाळीतला न्हाई. ह्याचा पहारा कसा धरायचा?"

"वीणा भुईला टेकली का?" काकांनी सुंदराबाईंना विचारले.

"न्हाई."

"नाम थांबलं का?"

"सूर कवाच ग्येला व्हता," सुंदराबाई म्हणाल्या, "पन नाम न्हाई थांबलं."

काका उंबऱ्यावरच बसले. त्यांचे खांदे हलू लागले. ते हसत होते की रडत होते, मला सांगता येणार नाही. मग वळून त्यांनी केरबाला जवळ बोलावले. "आरं, मंग तितं सांगितलं कामून न्हाईस? मी तुला नको नको ते बोललो!"

"इचारलं कुनी?" केरबा म्हणाला. आवाजात राग नव्हता. "समद्यांनी बगितलं आन् माना फिरवल्या."

केरबाने रांजणातल्या पाण्याने हातपाय धुतले. पुढचा पहारेकरी वीणा घ्यायला सरसावला, तसा केरबाने त्याला बाजूला सारले. "माजा पहारा ऱ्हायलाय," तो म्हणाला, आणि पोळलेल्या हातांनी माझ्या गळ्यातून वीणा काढून घेतली. सावली कुठल्या रेघेवर होती, हे पाहण्याच्या भरीला कुणी पडले नाही. मी तिथेच भुईवर बसलो तो सुंदराबाईंनी आणलेला गूळ-पाण्याचा तांब्या रिकामा होईपर्यंत उठलो नाही.

केरबाची सात कोकरे गेली, कडबा गेला, वाडा गेला. बाकी मेंढरे वाचली. दुसऱ्या दिवशी उन्हे चढायच्या आत मी धनगरवस्तीवर गेलो, तर माझ्या आधी गाव तिथे होते. चाँदभाई दर्ग्याच्या रानातल्या बाभळीच्या काटेरी फांद्या गाडीभर घेऊन आले होते. कुणी मेढी रोवत होते, कुणी कडब्याच्या पेंढ्या डोक्यावरून आणून टाकत होते. हे काम कुणी सांगितले, असे मी एका म्हाताऱ्याला विचारले. तो म्हणाला, "ठिनगी देवाच्या चुलीतलीच व्हती न्हवं," आणि कुऱ्हाड उचलून चालू लागला. महारवाड्यातल्या माणसांनी आदल्या दिवशी पहिल्या घागरी ओतल्या होत्या, आणि त्या वेळी पाणी कुणाचे, हे कुणी विचारले नव्हते. आज ती मेढी धरायला होती; संध्याकाळी मात्र ती पुन्हा पाराच्या पलीकडेच बसली.

पण त्या सकाळचे मला सर्वांत जास्त काय आठवत असेल, तर हाका. "केरबा, हिकडचं टोक धर!" "केरबा, दोर कुटाय?" "आरं केरबा, ऐकू येईना का?" चहूकडून त्याच्या नावाने ओरडा चालला होता. पोळलेल्या हातांना फडकी बांधलेला तो माणूस या टोकाकडून त्या टोकाकडे धावत होता, आणि प्रत्येक हाकेला "आलो, आलो" म्हणत होता. त्याला तिथे नुसते बसवून काम करता आले असते. त्याला बसवायला कुणी तयार नव्हते.

सातव्या दिवशी काल्याचे कीर्तन झाले, दहीलाह्या वाटल्या आणि टाळ खुंटीला गेले. अमिनाचा जवान आला, त्यानेही काला खाल्ला, कागद बघितला आणि गेला. मी निघालो तेव्हा केरबा मेंढरांमागे रानात होता. त्याने दुरून हात वर केला. काकांनी भाकरी बांधून दिल्या. या वेळी कापडात.

पुण्याला आल्यावर मंडळाच्या बैठकीत मी हा सारा वृत्तांत सांगितला. सभासदांनी लक्षपूर्वक ऐकला. एकाने विचारले, "त्या सप्त्याचे अध्यक्ष कोण असतात?" दुसऱ्याने विचारले, "सभासदत्वाचे नियम छापलेले आहेत काय?" मी त्या मुलखात गेलो तेव्हा मीही असेच विचारत फिरत होतो. आता मला एवढेच सांगता आले, की तिथे माणसाची पाळी येते आणि तो उभा राहतो; आणि माणसाला सर्वांत मोठे दुःख होते ते पाळी न आल्याचे. हे इतिवृत्तात लिहिण्यासारखे नाही असे चिटणिसांचे मत पडले.

वर्ष उलटले. चैत्र संपत आला तेव्हा परभणीच्या पोस्टाचे शिक्के असलेले एक पाकीट आले. ग्यानबा काकांनी शाळेच्या मास्तरांकडून लिहवून घेतलेले पत्र होते. इजाजतीचा कागद आला आहे. सप्ता बसतो आहे. पाचव्या दिवशी दुपारी केरबाचा पहारा आणि त्याच्या मागून तुमचा. तुम्हाला लांब पडते हे आम्ही त्याला समजावले, दुसरा माणूस देतो म्हटले, पण तो ऐकत नाही. म्हणतो, पाव्हण्याची पाळी हाय, पाव्हणा येईपर्यंत वीणा माझ्या गळ्यात राहील.

मी पत्र दोनदा वाचले आणि ट्रंक खाली काढली. कुटुंब दारात येऊन उभे राहिले. "तुम्हाला ना देवाधर्माचं वेड, ना गळा," ती म्हणाली. "एवढ्या उन्हात जायलाच हवं का?"

"अगं, नाही गेलो तर तो तिथे उभा राहील ना," मी म्हणालो.